मोचे मृत्पात्रांतील वादक : शिल्प की पात्र?

पेरूच्या उत्तर किनाऱ्यावरील कोरड्या नदीखोऱ्यांत इ. स. सुमारे २०० ते ८५० या काळात मोचे संस्कृती नांदली. या समाजाचे लिखित साहित्य उपलब्ध नाही. त्यामुळे त्याची मृत्पात्रे हा अभ्यासाचा एक प्रमुख आधार ठरतो. या पात्रांतील वादकांच्या आकृती विशेष प्रसिद्ध आहेत. कोणी ढोल अंगाशी धरला आहे, कोणी वेगवेगळ्या लांबीच्या नळ्या जोडून केलेला पावा ओठांशी नेला आहे. चेहऱ्यावरील एकाग्रता पाहून त्यांना ‘कलावंताचे शिल्प’ म्हणण्याचा मोह होतो. हा मोह तपासून पाहणे हा प्रस्तुत टिपणाचा हेतू आहे.

मुळात ही आकृती पोकळ असून ती द्रवपदार्थाचे पात्र आहे. अशा अनेक पात्रांवर घोड्याच्या रिकिबीसारखी कमानदार नळी असते व तिच्या माथ्यावर तोटी असते. आकृतीकडे निव्वळ शिल्प म्हणून पाहणाऱ्यास ही नळी अडगळ वाटते. मात्र राफाएल लार्को होयले यांनी १९४८ मध्ये मोचे मृत्पात्रांचे पाच कालखंड ठरविले, ते प्रामुख्याने याच नळी-तोटीच्या घडणीवरून. शिवाय बरीच पात्रे साच्यातून काढलेली असल्याने एकाच आकृतीच्या अनेक प्रती संभवतात. म्हणूनच प्रत्येक वादकात एक विशिष्ट व्यक्ती शोधणे धाडसाचे ठरते.

ही दैनंदिन जीवनातील करमणुकीची दृश्ये आहेत काय? क्रिस्टोफर डोनन यांनी १९७८ च्या आपल्या ग्रंथात मोचे कला मर्यादित धार्मिक विषयांभोवती फिरते, असे प्रतिपादन केले. वाद्ये वाजविणारे सांगाडे मोचे कलेत आढळतात. ते या मताला बळ देतात, कारण तेथे संगीत मृतांच्या जगापर्यंत पोहोचलेले दिसते. तथापि, यावरून प्रत्येक वादक पुरोहित ठरत नाही.

खरी अडचण संदर्भाची आहे. संग्रहालयांतील अनेक पात्रे लुटलेल्या थडग्यांतून आली आहेत. पात्र कोणाच्या शेजारी आणि कोणत्या वस्तूंसह ठेवले होते, ही माहिती त्या लुटीत नष्ट झाली. १९८७ पासून सिपान येथे वॉल्टर आल्व्हा यांनी केलेल्या शास्त्रीय उत्खननाचे मोल यामुळेच अधिक जाणवते.

सारांश, ‘वादक’ हे नाव आकृतीचे वर्णन करते, तिचे कार्य सांगत नाही. आस्वादकाने चेहऱ्याबरोबर तोटीही पाहावी. मोचे कुंभाराने या दोन्ही गोष्टी एकाच वस्तूत घडविल्या होत्या.