ओवीची चाल शोधताना

जात्यावरच्या ओव्या गोळा करताना एक अडचण हमखास येते. म्हातारीला ओवीचे शब्द आठवतात, चाल मात्र अर्धीच आठवते. मग अभ्यासक त्या ओवीची ‘मूळ चाल’ शोधत भूपाळी, भजन, कीर्तन असा माग काढत जातो. या शोधाची दिशा मला पटत नाही.

बाराव्या शतकातल्या ‘मानसोल्लासा’त चालुक्य राजा सोमेश्वर सांगतो, की महाराष्ट्रातल्या स्त्रिया कांडताना ओवी गातात. म्हणजे इतक्या जुन्या नोंदीतही ओवीची ओळख कामावरून दिली आहे. मुसळाचा घाव तुटक, जात्याचा फेरा अखंड. जात्यावर ओळ पुन्हा घोळवली जाते आणि ‘गं’, ‘बाई’, ‘सये’ अशा शब्दांनी फेरा भरून निघतो. छापताना आपण हीच पुनरावृत्ती गाळतो. साने गुरुजींच्या ‘स्त्रीजीवन’चे मोल मोठे आहे, पण कोणत्याही छापील संग्रहात गळा उतरत नाही. गी पॉइटवँ आणि हेमा राईरकर यांनी १,०००हून अधिक गावांतून १ लाखाहून अधिक ओव्या जमवल्या. त्यांतल्या थोड्याच ध्वनिमुद्रित आहेत, आणि चालीच्या अभ्यासाला खरा आधार तेवढाच.

मावळात एका आजींना मी चाल विचारली. त्या म्हणाल्या, “नुसतं बसून कशी येईल? जातं मांड.” खुंट्याला हात लागताच चाल आली. शेजारणीने तीच ओवी दुसऱ्या गळ्यावर म्हटली आणि आजींनी आपल्या त्याच गळ्यावर वेगळ्या चार ओव्या म्हटल्या. शब्द आणि चाल यांची जोडी पक्की नसेल, तर ‘या ओवीची मूळ चाल’ हा प्रश्नच उरत नाही.

उरतो तो दुसरा प्रश्न: हा गळा आला कुठून? आजी म्हणाल्या, “माझ्या माहेरचा.” शेजारणीने तिचा गळा सासूकडून घेतलेला. चालीचा प्रवास शोधायचा तर रागांच्या आधी सोयरिकी तपासायला हव्यात: कोणत्या गावची लेक कोणत्या गावी दिली, जात्यावर तिच्यासमोर कोण बसत असे.

गावोगावी पिठाची गिरणी आली आणि बायकांचे पहाटेचे कष्ट वाचले. त्याबद्दल हळहळण्याचे कारण नाही. मात्र हाताने दळलेली पिढी आता थकली आहे. यापुढे ओवी टिपताना शब्दांसोबत माहेरचे गाव, गळा शिकवणारी बाई आणि ओळ कुठे घोळवली, एवढे तरी लिहून ठेवावे. जमल्यास जातेही मांडावे.