‘बनगरवाडी’तील गाव
व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ (१९५५) प्रादेशिक कादंबरी म्हणून ओळखली जाते. परंतु तिचे मोल केवळ माणदेशाच्या चित्रणात नाही. औंध संस्थानातील धनगरांच्या या वाडीत निवेदक मास्तर परका म्हणून येतो. मुलांना शाळेत आणणे, लोकांची अडलेली कामे करणे, सर्वांच्या श्रमांतून तालीम उभारणे, अशा व्यवहारांतूनच तो वाडीचा होतो. येथील आपलेपण जन्मसिद्ध नाही. ते परस्परांच्या गरजेतून घडते. अखेरीस दुष्काळ पडतो, मेंढरांना चारा उरत नाही आणि वाडी ओस पडते. गाव म्हणजे घरे नव्हेत, एकमेकांवर विसंबलेली माणसे होत, हे सत्य माडगूळकर गहिवर टाळून सांगतात. मातीच्या भाबड्या गौरवाहून ते अधिक कठोर आणि म्हणूनच अधिक विश्वसनीय ठरते.