छापील पोवाडा व गाइलेला पोवाडा

अॅक्वर्थ व शाळिग्राम यांनीं १८९१ सालीं पोवाड्यांचा संग्रह छापला, हे उपकार थोर होत. परंतु तो वाचतांना एक न्यून जाणवतेंच. डफाची थाप, तुणतुण्याचा नाद व झीलकऱ्यांचें ‘जी जी’ कागदावर उतरलीं नाहींत; उरली ती केवळ संहिता, आणि तिलाच आपण पोवाडा म्हणूं लागलों. शार्ङ्गदेवानें तेराव्या शतकांतच गीत, वाद्य व नृत्य या तिहींस मिळून संगीत म्हटलें आहे.

पोथ्यांच्या पाठभेदांतून मूळ पाठ शोधणें युक्त. पण तोच न्याय लावून गाणाराचा वाढीव चौक ‘भ्रष्ट’ ठरविणें आम्हांस मान्य नाहीं. १६५९ च्या अफजलखानवधावरील अज्ञानदासाचा पोवाडा गाणारास त्या प्रसंगाची मिति ठरवावयाची नव्हती. समोरच्या मंडळीनें पालुपद उचलावें, हेंच त्याचें वेतन (बिदागी अर्थात् निराळी). ऐकणारा येथें निम्मा गाणाराच असतो. चौक वाढतो तो त्याच्यासाठीं.

संग्राहकांनीं बाडाच्या नकलेबरोबर चाल, ठेका व गाणाराचें गांव अवश्य नोंदवावें. गाणारा न मिळाल्यास तसें स्पष्ट लिहावें.