जुन्या गाडीचा जीर्णोद्धार

दिवाळीच्या तोंडावर घराला रंग काढायचे ठरले, की घरात दोन तट पडतात. एकाला भिंतीचा पूर्वीचाच रंग हवा असतो. दुसऱ्याला समोरच्या बंगल्यासारखा. वाद ऐन भरात आला, की आजी शांतपणे म्हणते, "रंगाचं राहू द्या, आधी माळवदाची गळती बुजवा." अभिरुचीच्या पुष्कळशा वादांत हीच तीन माणसे बोलत असतात, असे मला वाटते. अलीकडे त्यांचे आवाज मला एका निराळ्याच ठिकाणी ऐकू येऊ लागले आहेत. ते ठिकाण म्हणजे जुन्या मोटारी नव्याने घडवून घेणाऱ्या शौकिनांची बैठक.

मोटारीवर टीकालेख लिहायचा, ही कल्पना काही वाचकांना चमत्कारिक वाटेल. परंतु जी वस्तू माणसे जिवापाड जपतात आणि जिच्या घाटावरून मित्रामित्रांत अबोला धरतात, ती टीकेच्या कक्षेत आपोआपच येते. पैठणीच्या पदराची आपण चिकित्सा करतो, दागिन्याच्या घडणीची करतो. मग मोटारीनेच काय घोडे मारले आहे?

ह्या शौकाचे माहेर अमेरिकेत. १९६४ साली पॉन्टिॲक कंपनीने मध्यम चणीच्या गाडीत मोठ्या गाडीचे, सुमारे ६.४ लिटरचे आठ सिलिंडरांचे इंजिन बसवले आणि तिला 'जीटीओ' असे नाव दिले. त्याच वर्षीच्या एप्रिलात फोर्डची 'मस्टँग' आली. १९६६ साली डॉजची 'चार्जर'. अशा गाड्यांना तिकडे 'मसल कार' म्हणतात. आपण त्यांना दंडाच्या बेटकुळ्या दाखवणाऱ्या गाड्या म्हणू. मात्र ह्या पहिलवानांचे पळणे जेवढे दांडगे, तेवढे थांबणे नव्हते. डिस्क ब्रेक पुष्कळदा जादा पैसे मोजून घ्यावे लागत, नाहीतर चारही चाकांना जुने ड्रम ब्रेकच. पुढे धुराविषयीचे कायदे आले, १९७३ साली तेलाचे संकट आले, आणि तो आखाडा मोडला. मग पुढच्या पिढीतील हौशी लोकांनी ह्याच गाड्या शोधून काढल्या, वरचा देह जुना ठेवला आणि आत नवे इंजिन, नवे ब्रेक, थंड हवेचे यंत्र बसवले. ह्या प्रकाराला 'रेस्टोमॉड' हा शब्द रूढ झाला. शब्द नवा असला, तरी वाद जुनाच. किती बदलले म्हणजे गाडी सुधारली, आणि किती बदलले म्हणजे ती मेली?

आपल्याकडे असल्या पहिलवानांची पैदास झाली नाही. वालचंद हिराचंदांच्या प्रीमियर कंपनीने कुर्ल्याच्या कारखान्यात डॉज आणि प्लिमथ जुळवल्या खऱ्या, पण त्या कुटुंबवत्सल गाड्या होत्या. त्यातल्या त्यात बेटकुळ्यांचा आव आणला तो हिंदुस्तान मोटर्सच्या 'कॉन्टेसा'ने. लांब बॉनेट, रुंद खांदे, चार दिवे. आणि सुरुवातीला आत इंजिन मात्र ॲम्बॅसॅडरच्या घराण्यातले दीड लिटरचे! देह पहिलवानाचा, दम कारकुनाचा. पुढे इसुझूचे १.८ लिटरचे इंजिन आले, तेव्हा थोडी धुगधुगी वाढली. २००२ साली तिचे उत्पादन थांबले. आज जे शौकीन कॉन्टेसात जोरकस इंजिन बसवतात, त्यांना मी तरी दोष देणार नाही. अपुऱ्या राहिलेल्या कृतीचा उत्तरार्ध ते लिहीत आहेत.

परंतु आमच्या परभणी जिल्ह्यात हा वाद पेटतो तो जीपवरून. त्याला कारण आहे. पावसाळ्यात इथली काळी माती बैलाचे पाऊलही सोडत नाही, तिथे चारही चाकांत जोर असलेली जीप हीच एक भरवशाची. सरकारी दौऱ्यात जीप, निवडणुकीच्या प्रचारात जीप, बाळंतिणीला तालुक्याला नेणारी जीप, आणि लग्नात पंधरा-पंधरा वऱ्हाडी कोंबणारीही जीपच. म्हणून ती नुसती वस्तू राहिली नाही, घरातली एक कर्ती व्यक्ती झाली. अशा व्यक्तीच्या म्हातारपणाचे काय करायचे, ह्यावर घरात मतभेद होणारच.

ह्या शौकिनांत मला तीन संप्रदाय आढळले. पहिला संप्रदाय 'जसेच्या तसे' म्हणणाऱ्यांचा. हे लोक जीपच्या तोंडावरच्या उभ्या फटी मोजतात. युद्धातल्या जीपला नऊ, मुलकी जीपला सात. तिथे एखादी कमीजास्त निघाली, की त्यांना पंगतीत मीठ वाढायचे राहून गेल्यासारखे होते. त्यांना हसणे सोपे आहे, पण त्यांची परंपरा थोर आहे. ज्ञानेश्वरीत पाठभेदांची गर्दी झाली, तेव्हा शके १५०६ मध्ये पैठणच्या एकनाथांनी तिची प्रत शुद्ध केली आणि पुढे कोणी पदरची ओवी घालू नये असा इशाराही दिला. कुठेतरी एक अस्सल प्रत असलीच पाहिजे, नाहीतर बदल कशात झाला हेच उद्या सांगता येणार नाही. एवढे त्यांचे म्हणणे मला पूर्ण मान्य आहे. फरक इतकाच, की ग्रंथाला ब्रेक लागत नाहीत. अशुद्ध प्रत वाचून कोणी दरीत कोसळत नाही. मूळचे ब्रेक ठेवलेली जीप मात्र जिंतूरच्या उतारावर आपला मूळपणा सिद्ध करू शकते.

दुसरा संप्रदाय 'वरून जुने, आतून नवे' म्हणणाऱ्यांचा. आज सर्वांत जास्त टाळ्या ह्यांना मिळतात. ह्यांच्या कलेचे सूत्र असे, की नवे काही दिसताच कामा नये. कारखानदारांनीही हे सूत्र उचलले. जुन्या जावा मोटारसायकलीला किक आणि गिअर ह्यांचा दांडा एकच होता. तोच मागे वळवून किक मारायची आणि तोच पुढे घेऊन गिअर टाकायचा. यंत्रातली ती एक सुरेख श्लेषयोजना होती. २०१८ साली जावा पुन्हा अवतरली, ती जुनाच टाकीचा घाट आणि मागे दोन सायलेन्सर घेऊन. आत मात्र पाण्याने थंड होणारे नवे २९३ सीसीचे इंजिन. आणि त्यालाही वरून हवेने थंड होणाऱ्या जुन्या इंजिनाचे रूप दिलेले. चालवायला ती गाडी सोयीची आहे, ह्यात शंका नाही. तरी तिच्याकडे पाहताना मला ऐतिहासिक नाटकातला नट आठवतो. जिरेटोप उत्तम बसला आहे, मिशाही बेतशीर. पण शिवाजीमहाराज म्हणून आपण त्याला मुजरा करत नाही.

तिसरा संप्रदाय नटव्यांचा. ट्रॅक्टरला शोभतील असे टायर, कपाळावर दिव्यांची माळ, काळा कुळकुळीत रंग, आणि आत गाण्यांची पेटी एवढी मोठी, की माणसांनी बसावे कुठे हा प्रश्न पडावा. ह्याच संप्रदायाची दुचाकी शाखा म्हणजे बुलेटचा सायलेन्सर बदलून भरवस्तीत फटाके उडवणारे वीर. जुन्या साडेतीनशेच्या बुलेटचा तो प्रसिद्ध 'डग डग' आवाज आला कुठून, हे त्यांनी कधी पाहिलेले नसते. त्या इंजिनाच्या सिलिंडरचा व्यास ७० मिलिमीटर आणि दट्ट्याची धाव ९० मिलिमीटर. लांब पावले टाकणारा माणूस जसा सावकाश आणि दमदार चालतो, तसे ते इंजिन सावकाश बोलते. सायलेन्सर बदलून आवाज वाढवता येतो. ठेका आणता येत नाही.

ह्या बैठकीत आजी मात्र मला कुठे दिसली नाही. ती भेटली मिस्त्रीच्या पत्र्याच्या शेडमध्ये. आमच्याकडे जुन्या गाड्या नव्या करण्याची सुरुवात हौशी मंडळींनी केलीच नाही. ती केली मिस्त्री लोकांनी, आणि गरजेपोटी. पेट्रोलवर चालणारी जीप शेतकऱ्याला परवडेना, तेव्हा तिच्यात डिझेलचे इंजिन बसवले. ते बसेना म्हणून पाया कापला, जोडपट्ट्या मारल्या. 'बनी तो बनी, नहीं तो परभणी' ही म्हण बाहेरचे लोक आम्हाला हिणवण्यासाठी वापरतात. ह्या शेडमध्ये तिला वेगळाच अर्थ येतो. फटी मोजणाऱ्या एका गृहस्थाला असा एक मिस्त्री माझ्यादेखत म्हणाला, "मालक, तोंड काय बघायलाव? आधी ब्रेक दाबून बघा की!" सबंध वादातले मला पटलेले टीकावाक्य तेच.

आणि गंमत अशी, की ज्या चेहऱ्यासाठी पहिला संप्रदाय झुरतो, तो चेहराही अशाच एका जोडकामातून आला आहे. १९५३ साली विलीज कंपनीने 'सीजे-३बी' ही जीप काढली. तिच्यातले नवे 'हरिकेन' इंजिन पूर्वीपेक्षा उंच होते आणि जुन्या बॉनेटखाली मावत नव्हते. कंपनीने सरळ बॉनेटच उंच केले. जुन्या जीपच्या सपाट रूपावर डोळे बसलेल्यांना हे उंच कपाळ विद्रूप वाटले. पण हीच जीप महिंद्रांनी आपल्याकडे वर्षानुवर्षे बनवली, आणि आपल्या दोन पिढ्यांनी 'जीप' म्हणून जो चेहरा ओळखला तो हाच. आत जे बदलले, ते बाहेर उमटू दिले. मला ह्या घाटाचे सौंदर्य त्या प्रामाणिकपणात दिसते. एकदा हे ध्यानात आले, की 'वरून जुने, आतून नवे' ह्या सूत्रात काय खटकते तेही कळते. तिथे आतल्याची बाहेरच्याशी ओळखच ठेवलेली नसते.

जीर्णोद्धार कसा असावा, ह्याचा धडा घ्यायला आम्हाला फार लांब जावे लागत नाही. औंढा नागनाथ आता हिंगोली जिल्ह्यात असले, तरी १९९९ पर्यंत ते आमच्याच जिल्ह्यात होते. त्या देवळाचा खालचा भाग यादवकाळातला, कोरीव दगडाचा. नखाएवढी जागा मोकळी नाही. वरचा भाग नंतरच्या दुरुस्तीतला, पेशवाईकाळच्या धाटणीचा. ही दुरुस्ती अहिल्याबाई होळकरांनी केली, असे मानतात. ज्याने वरचे काम केले, त्याने खालच्या मूर्तींची नक्कल केली नाही आणि खालचा दगड चुन्याने झाकलाही नाही. आपल्या काळाला जे येत होते, ते त्याने जुन्याच्या खांद्यावर उभे केले. सांधा आजही उघड्या डोळ्यांनी दिसतो. बा. सी. मर्ढेकरांनी 'सौंदर्य आणि साहित्य' ह्या ग्रंथात (१९५५) संवाद, विरोध आणि समतोल असे लयीचे नियम मांडले; त्या परिभाषेत बोलायचे, तर इथे दोन काळांचा विरोध लपवलेला नाही, तोलून धरला आहे.

हाच निकष मी गाडीला लावीन. जीपला डिस्क ब्रेक लावा, अवश्य लावा. पण ते लपवू नका. नवे इंजिन घातले, तर त्याच्या वेगाला पुरतील असे ब्रेक त्याच्याही आधी घाला. बॉनेट उंच करावे लागले, तर होऊ द्या. आणि ज्या फेरफाराला गरजेचा आधार नाही, तो कितीही महागाचा असला तरी ती लग्नातल्या घोड्याची झूल समजावी.

हा केवळ आवडीनिवडीचा प्रश्न असता, तर मी इतके लिहिले नसते. जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारने जुन्या गाड्यांच्या नोंदणीचे नियम केले. पन्नास वर्षांहून जुनी, मूळ रूपात जपलेली, मोठे फेरफार न झालेली दुचाकी वा चारचाकी असेल, तर वीस हजार रुपये भरून तिला 'व्हीए' ह्या अक्षरांची सन्मानाची पाटी मिळते; मात्र रोजच्या वापरासाठी ती रस्त्यावर काढायची नाही. दुसरीकडे, परवानगीने होणारे काही बदल सोडले, तर गाडीचे मूळ रूप बदलायला मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमाने बंदी आहे, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही त्यावर शिक्कामोर्तब केले. रस्त्यावरच्या सुरक्षिततेसाठी कायदा हवाच; हेडलाइटच्या उजेडाने समोरच्याला आंधळे करणाऱ्या नटव्यांना तर तो हवाच हवा. पण ह्या दोन नियमांच्या मधल्या फटीत 'एमएच २२' ची पाटी लावलेली, डिझेलचे काळीज बसवलेली, चार ठिकाणी जोड मारलेली म्हातारी जीप सापडते. सन्मान मिळण्याइतकी ती अस्सल नाही, आणि कायद्याला रुचण्याइतकी सुधारलेलीही नाही. तिची वाट एकच, भंगारवाल्याकडे.

उद्या संग्रहालयांत फक्त अस्सल जीपा उरतील. त्या सुंदर असतील. पण त्यांच्यावरून अमेरिकेतल्या टोलेडोच्या कारखान्याचा इतिहास कळेल. परभणीचा कळणार नाही. आमचा इतिहास त्या जोडपट्ट्यांत आहे. पेट्रोल कधी परवडेनासे झाले, पावसाळ्यात वाटा कशा होत्या, आणि शाळेची पायरी न चढलेल्या मिस्त्रीने परदेशी यंत्र कसे समजून घेतले, हे सारे तिथे लिहिलेले आहे. म्हणून ज्यांच्या दारात अशी एखादी गाडी उभी असेल, त्यांना माझे एवढेच सांगणे आहे. यंदा पाडव्याला तिला हार घालाल, तेव्हा मिस्त्रीला बोलवा, कोणता भाग कोणत्या साली आणि कशासाठी बदलला ते त्याला विचारा, आणि एका वहीत लिहून ठेवा. ब्रेक तपासायलाही सांगा.