परिचय, घरोबा आणि सलगी

इंग्रजींतील ‘फॅमिलिॲरिटी’ या शब्दासाठीं आपले लेखक बहुधा ‘परिचय’ हा एकच शब्द योजून मोकळे होतात. या सोयीमुळें एका गैरसमजाला आश्रय मिळाला आहे. तो हा कीं, परिचय वाढला म्हणजे आदर घटावयाचाच.

मूळ लॅटिन ‘फॅमिलिआ’ म्हणजे दासदासींसह सारें घर. त्यावरून आलेल्या इंग्रजी शब्दांत माहिती, मोकळेपणा, संवय आणि आगाऊपणा अशा अनेक छटा एकत्र नांदतात. मराठीनें त्यांना निरनिराळीं नांवें दिलीं आहेत. वाटेंत नमस्कार होतो ती ओळख. स्वभाव कळतो तो परिचय. निमंत्रणावांचून पानावर बसतां येतें तो घरोबा. आणि पायरी विसरून केली जाते ती फाजील सलगी. अवज्ञा उपजते ती या शेवटचीपासून. बदनाम मात्र परिचय होतो.

गीतेच्या अकराव्या अध्यायांत हा भेद स्पष्ट दिसतो. विश्वरूप पाहिल्यावर अर्जुन, आपण सखा समजून कृष्णाला नुसत्या नांवानें हांका मारल्या, त्याची थट्टा केली, याबद्दल क्षमा मागतो. आणि थोड्याच श्लोकांनंतर, तें पूर्वीचें रूप पुन्हां दाखव, अशी विनवणी करतो. क्षमा सलगीची आहे. परिचय त्याला हवाच आहे.

वाङ्मयांतहि हेंच. कोलरिजनें १८१७ सालीं ‘बायोग्राफिआ लिटरारिआ’ या ग्रंथांत वर्ड्‌स्वर्थच्या काव्याचें कार्य सांगतांना ‘फॅमिलिॲरिटी’च्या पडद्याचा उल्लेख केला आहे. त्याला ‘परिचयाचा पडदा’ म्हटल्यास अर्थाचा अनर्थ होईल. परिचय पडदा दूर करतो. पडदा असतो तो संवयीचा.

शाळेंत चार अभंग पाठ झाले कीं तुकाराम आपल्याला ठाऊक आहे असें मानून पुष्कळ सुशिक्षित पुढें गाथा उघडीत नाहींत. याला अतिपरिचय म्हणावयाचें काय? ही केवळ ओळख. हक्क मात्र घरोब्याचा सांगितला जातो! खरा परिचय असता, तर तुकारामाची विरक्ति, त्याचा विनोद आणि त्याचा संताप एकाच वाणींत कसे नांदतात, हें पाहून आदर वाढलाच असता. तेव्हां ‘हें आम्हांस ठाऊक आहे’ असें म्हणण्यापूर्वीं, आपला संबंध ओळखीचा कीं परिचयाचा, एवढें प्रत्येक वाचकानें स्वतःला विचारावें.