'बलुतं'मधील दोन पवार : वास्तव, आभास आणि निवेदन

दलित आत्मकथनांत वास्तव जसेच्या तसे उतरते, म्हणून त्यांचे मूल्य प्रामुख्याने दस्तऐवजाचे, अशी एक समजूत मराठी समीक्षेत दृढ झाली आहे. वरकरणी हा गौरव वाटतो. प्रत्यक्षात लेखकाकडे केवळ साक्षीदाराची भूमिका उरते आणि त्याने केलेली निवड, रचना व भाषेची घडण समीक्षेच्या कक्षेबाहेर राहते. दया पवार यांच्या 'बलुतं'च्या (१९७८) आधारे ही समजूत तपासून पाहणे इष्ट ठरेल.

अहमदनगर (आताच्या अहिल्यानगर) जिल्ह्याच्या अकोले तालुक्यातील धामणगाव आणि मुंबईतील कावाखाना ही या कथनाची दोन प्रमुख स्थळे. परंतु गावाचे वा वस्तीचे चित्र उभे राहण्यापूर्वीच लेखक निवेदनाची एक व्यवस्था मांडतो : दगडू पवार सांगतो, दया पवार ऐकतो. दोन्ही नावे एकाच माणसाची. लेखक, निवेदक आणि नायक यांची एकनामता हा आत्मचरित्राचा पाया होय, असे फ्रेंच समीक्षक फिलिप लज्यन यांनी १९७५ मध्ये प्रतिपादिले. 'बलुतं'ने नेमकी तीच एकनामता उसवली आहे. सांगणारा आणि लिहिणारा यांच्यामध्ये शिक्षण, नोकरी व पांढरपेशी राहणी यांचे अंतर पडले आहे. ते झाकून एकसंध 'मी' उभा केला असता, तर तोच खरा आभास ठरला असता.

या घाटाची गरज शीर्षकातूनही उमगते. बलुते म्हणजे वंशपरंपरागत सेवेबद्दल मिळणारा पिकाचा वाटा. म्हणजे नावाने हक्क. महारवाड्याच्या अनुभवात मात्र हा हक्क पुष्कळदा पदर पसरून घ्यावा लागे. एकाच व्यवहाराची ही दोन वर्णने : देणाऱ्याच्या लेखी रीत, घेणाऱ्याच्या लेखी लाचारी. आभास हा केवळ कलेचा गुणधर्म नव्हे. गावगाड्याची व्यवस्थाच 'हक्क' या शब्दाच्या आभासावर उभी होती. अशा जीवनाची पृष्ठभागावरून केलेली हुबेहूब नक्कल तो आभासही निमूटपणे उतरवून घेईल. आतून भोगलेले बाहेरून न्याहाळणारा दुसरा 'मी' येथे म्हणूनच अपरिहार्य होतो.

या व्यवस्थेला मर्यादाही आहे. पहिल्या पत्नीविषयीचा संशय आणि मोडलेला संसार निवेदक स्वतःला न वाचवता सांगतो. तरीही ऐकणारा दया पवार ऐकतो तो दगडूच. त्या स्त्रीची बाजू सांगणारा तिसरा आवाज संहितेत नाही. प्रांजळपणा आणि सत्य यांतील अंतर येथे ठळक होते : निवेदक प्रांजळ असूनही त्याचे सत्य एकांगी राहू शकते. 'बलुतं' हे अंतर बुजवीत नाही. कथन कोणी कोणाला सांगितले हे आरंभीच उघड केल्यामुळे, कोणाचे ऐकायचे राहिले हा प्रश्न वाचकाला विचारता येतो.

वास्तव आरशासारखे उमटले असे म्हणून समीक्षक मोकळा होतो, तेव्हा हा प्रश्नच बाद होतो. 'बलुतं'ची सत्यता त्यातील तपशिलांत आहेच. परंतु आपण सांगितलेले सत्य घडविलेले आहे, हे न लपविण्यात ती अधिक आहे. दलित आत्मकथनाला कलाकृती म्हणून वाचल्याने त्याची सामाजिक धार बोथट होईल, ही भीती त्यामुळे निराधार ठरते. घाटाकडे दुर्लक्ष केले तरच ती बोथट होते.