मान आधी, सूर मग

शिमोनचं वादन बघताना लक्ष सगळ्यात आधी जातं ते मारिंब्याच्या लाकडी पट्ट्यांवर पडणाऱ्या काठ्यांकडे. मी म्हणेन, त्या पडण्याआधी हात काय करतात ते बघा. खरी साथ तिथे आहे.

अमेरिकेतल्या जॉर्जिया टेकमध्ये गिल वाइनबर्ग आणि गाय हॉफमन यांनी घडवलेला हा यंत्रमानव. चार हात, आठ काठ्या. एप्रिल 2009 मध्ये अटलांटात तो पियानोवादकासोबत बसला. रचना होती ड्यूक जॉर्डनची ‘जॉर्डू’, जॅझमधली. सुरुवातीला सवाल-जवाब. पियानोवाला तुकडा टाकतो, शिमोन उत्तर देतो, आणि उत्तर बरोब्बर मात्रेवर पडतं.

हे वाटतं तितकं सोपं नाही. काठी खाली यायला क्षणभरही लागत नाही, पण हात पट्ट्यांच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला न्यायला वेळ लागतो. सवाल संपल्यावर निघाला तर सम हुकलीच. म्हणून पियानो वाजत असतानाच शिमोन पुढचा अंदाज बांधतो, हात आधीच त्या पट्टीवर नेऊन ठेवतो, आणि वेळ आली की नुसती काठी पाडतो. मुखडा येतोय हे ओळखून तबलजीचा पंजा ‘धा’साठी आधीच उचललेला असतो, त्याच जातीची ही तयारी. शिवाय चारही हात एकाच रुळावर. एकमेकांना ओलांडून जाता येत नाही. त्यामुळे काय वाजवायचं हे काही प्रमाणात देहच ठरवतो. मला हे फार आवडतं. पेटीवाल्याच्या बोटांनाही स्वतःच्या वाटा असतातच की.

आमच्या पाचोऱ्यात तबला शिकणारी पोरं लेहऱ्याचं यंत्र लावून रियाज करतात, नाहीतर मोबाइलवरचं ॲप. बेंगळुरूच्या राज नारायण यांनी 1979 साली इलेक्ट्रॉनिक तानपुरा केला, तेव्हापासून लहान गावातल्या एकट्या रियाजाला अशी सोबत मिळत आली, आणि तिचे उपकार मोठे आहेत. पण हा लेहरा ऐकत नाही. तिहाई मात्राभर पुढे गेली तरी तो आपल्या चालीने चालू. कायदा रंगात आला म्हणून लय अंमळ चढवायची, हे त्याच्या गावीही नाही. उलट जळगावच्या बालगंधर्व संगीत महोत्सवात पुढच्या रांगेत बसून पेटीवर लेहरा धरणाऱ्याकडे बघा. त्याची नजर तबल्यावर खिळलेली असते, आणि सम जवळ आली की दोघांच्या माना एकदमच हलतात.

शिमोनला ही मान दिली आहे, हा त्याच्या कर्त्यांचा सगळ्यात रसिक निर्णय. ठेक्यावर ते डोकं डोलतं, कधी पट्ट्यांकडे वळतं, कधी सोबत्याकडे. सोबत्याला यंत्र दिसलं तर ताल जुळायला मदत होते का, हेही त्यांनी तपासलं. धीम्या लयीत मदत झाली. विलंबित एकतालात साथ केलेल्या कुणालाही हे पटेल. दोन मात्रांमधलं अंतर वाढलं की कानाला डोळ्याचा आधार लागतो.

सतारीसोबत वाजण्यासाठी अजय कपूर यांनी महादेवीबॉट केला, त्यालाही मान आहे. भारतीय तालवाद्यं वाजवणारं बारा हातांचं हे यंत्र. समोरच्या सतारीला सेन्सर बसवलेले, आणि यंत्राचं डोकं वरखाली होऊन वादकाला लय दाखवतं. दोन वेगळ्या ठिकाणच्या कारागिरांना एकच गोष्ट सुचली, याचं मला नवल वाटत नाही. सोबत वाजवायला बसलं की ती लागतेच.

‘जॉर्डू’कडे परत येतो. पुढे शिमोन पियानोवाल्याच्या लयीचे तुकडे उचलून त्यांतून स्वतःचं वाजवतो. नुकतंच ऐकलेलं ठळक, जुनं हळूहळू पुसट, अशी त्याची आठवण. इथे तो छान खुलतो, पण फार सज्जन राहतो. लग्गीला आलेला तबलजी ठुमरी गाणारीला डिवचतो, आड जातो, आता सम चुकणार असं वाटायला लावून ऐन वेळी सोबत येतो. तिला हसू फुटतं, आणि पुढची जागा ती कधी घेतली नसती अशी घेते. शिमोनच्या अंगी ही खोडी यायला हवी, आणि त्या दिवशी समोर आपल्याकडची सतार असावी.